दिल्लीचा विमानप्रवास : तिकिटाचा भाव आणि प्रवासाचा खर्च

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारात दरवर्षी साधारणतः फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पुसा कृषी विज्ञान मेळा भरतो. ही संस्था १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ साली दिल्लीस हलविण्यात आली. मूळ गावाचे नाव मात्र तिच्याशी कायमचे जोडलेले राहिले. सुधारित वाणांचे बी, नवी अवजारे आणि लागवडीच्या नव्या पद्धती एकाच ठिकाणी पाहावयास मिळत असल्याने देशाच्या सर्व भागांतून शेतकरी येथे येतात.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याची अडचण निराळी आहे. मेळ्याचे दिवस हेच द्राक्षाच्या तोडणीचे, गहू-हरभऱ्याच्या काढणीचे आणि उन्हाळी पिकाच्या पाण्याच्या पाळीचे दिवस असतात. घरी दुभती जनावरे असतात. अशा वेळी आठवडाभर शेत सोडून राहणे कोणासही परवडत नाही. मुंबई ते दिल्ली हे अंतर आगगाडीने सुमारे १,३८४ किलोमीटर असून वेगवान राजधानी गाडीसही त्यास सोळा तासांच्या आसपास लागतात. विमान हेच अंतर सव्वादोन तासांत तोडते. त्यामुळे दिल्लीस विमानाने जाण्याचा विचार आता गावोगावचे शेतकरी गटही करू लागले आहेत.

असा विचार करताना एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेणे जरूर आहे. तिकिटाचा भाव निराळा आणि प्रवासाचा खर्च निराळा. बियाण्याच्या पिशवीच्या किमतीवरून जसा एकरी खर्च काढता येत नाही, तसाच तिकिटाच्या आकड्यावरून प्रवासाचा खर्च ठरत नाही. घराच्या उंबऱ्यापासून निघून पुन्हा उंबऱ्यावर येईपर्यंत जो पैसा आणि जेवढे दिवस लागतात, तो खरा खर्च होय. स्वस्त प्रवास ज्यास करावयाचा असेल त्याने हा हिशेब आधी मांडावा.

भाडे रोज का बदलते

एस.टी.च्या किंवा आगगाडीच्या साध्या डब्याच्या तिकिटाचा दर ठरलेला असतो. विमानाचे तसे नाही. १९५३ च्या कायद्याने देशातील विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तो कायदा १९९४ साली रद्द झाला आणि खासगी कंपन्यांस हे क्षेत्र खुले झाले. आज नेहमीच्या परिस्थितीत भाडे कंपन्या स्वतःच ठरवितात.

एकाच विमानातील सारख्याच खुर्च्या कंपनी निरनिराळ्या भावांच्या गटांत वाटून ठेवते. पहिल्या काही खुर्च्या सर्वांत कमी भावाच्या असतात. त्या संपल्या की पुढचा, अधिक भावाचा गट खुला होतो. मागणी जोरात असेल तर स्वस्त गट लवकर बंद केला जातो, आणि मागणी मंद असेल तर तो अधिक दिवस चालू राहतो. म्हणूनच शेजारी-शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी दिलेल्या पैशांत पुष्कळ अंतर असू शकते.

येथे शेतकऱ्याची एक स्वाभाविक चूक होते. बाजारात संध्याकाळ झाली की पालेभाजी पडत्या भावाने निघते. विमान सुटण्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या खुर्च्याही तशाच स्वस्त होतील, असे त्यास वाटते. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते. अगदी शेवटी तिकीट काढणारा मनुष्य आजारपणासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी किंवा व्यापाराच्या निकडीसाठी निघालेला असतो. तो मागेल ती किंमत देतो, हे कंपनीस ठाऊक असते. सबब शेवटच्या आठवड्यावर विसंबून राहू नये. प्रवासाच्या साधारणतः एक ते दोन महिने आधीपासून भाव पाहण्यास आरंभ करावा आणि परवडणारा भाव दिसताच तिकीट घ्यावे.

दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुटी आणि शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्ट्या या काळात भाडे चढते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, तसेच अगदी पहाटेच्या किंवा रात्री उशिराच्या विमानास ते बहुधा उतरते. मुंबई-दिल्ली हा देशांतर्गत सर्वांत गजबजलेला हवाई मार्ग आहे. इंडिगो, एअर इंडिया, अकासा यांसारख्या कंपन्यांची अनेक विमाने त्यावर रोज ये-जा करतात. तेव्हा निवडीस वाव भरपूर असतो. तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करण्याची तयारी असेल, तर त्याचा लाभ सर्वांत अधिक मिळतो.

आधी तारीख, मग तिकीट

मेळ्याच्या तारखा अधिकृतपणे जाहीर होण्यापूर्वी केवळ अंदाजाने तिकीट काढू नये. २०२५ साली मेळा २२ ते २४ फेब्रुवारी या तीन दिवसांत भरला होता. त्याच्या आदल्या वर्षी तो फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चच्या आरंभी संपला. म्हणजेच तारीख सरकते. चुकीच्या आठवड्याचे स्वस्त तिकीट हे सर्वांत महाग तिकीट होय.

तारखा ठरल्यावर जाण्याचा दिवस मेळ्याच्या आदल्या दिवशीचा धरावा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीस दाट धुके पडते आणि सकाळची विमाने अनेकदा खोळंबतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हा त्रास कमी होतो. तरीही ज्या दिवशी मेळा त्याच दिवशी सकाळी उतरण्याचा बेत धोक्याचा आहे.

थेट विमान नसेल किंवा महाग असेल, तर वाटेत एके ठिकाणी विमान बदलण्याचा स्वस्त पर्याय दाखविला जातो. असे तिकीट घेताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत याची खात्री करावी. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे घेतली, तर पहिल्या विमानास उशीर झाल्यामुळे चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही.

विमानतळाची निवड

महाराष्ट्रातून दिल्लीस जाण्यासाठी मुंबई हा एकच मार्ग नाही. पुणे आणि नागपूर येथून थेट विमाने आहेत. नाशिकजवळील ओझर व छत्रपती संभाजीनगर येथूनही दिल्लीची विमाने सुटत आली आहेत. मात्र लहान विमानतळांचे वेळापत्रक हंगामागणिक बदलते, म्हणून ते ताजे पाहावे. जवळच्या विमानतळावर विमाने थोडी व भाडे किंचित अधिक असते. दूरच्या मोठ्या विमानतळावर भाडे कमी, पण तेथवर जाण्याचा खर्च अधिक असतो. कोणता पर्याय सोयीचा, हे प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून आहे.

समजा, नाशिक जिल्ह्यातील सहा शेतकऱ्यांस दिल्लीस जावयाचे आहे. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून मानलेले आहेत. मुंबईहून भाडे माणशी ५,००० रुपये आणि ओझरहून ५,६०० रुपये आहे. वरवर पाहता मुंबई ६०० रुपयांनी स्वस्त दिसते. परंतु गावाहून मुंबईस मोटार करण्यास पथकरासह ६,००० रुपये पडले, तर माणशी १,००० रुपये वाढतात. ओझरपर्यंतच्या मोटारीस १,२०० रुपये, म्हणजे माणशी २०० रुपये पुरतात. मुंबईमार्गे एकूण ६,००० रुपये आणि ओझरमार्गे ५,८०० रुपये होतात. स्वस्त वाटणारे तिकीट माणशी २०० रुपयांनी महाग ठरले. विमान पहाटेचे असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम किंवा जागरण त्यात आणखी धरावे लागेल.

हाच प्रवास एकट्या शेतकऱ्याने एस.टी.ने मुंबई गाठून केला आणि तेथवर पोचण्यास सर्व मिळून ६०० रुपये लागले, तर त्याचा खर्च ५,६०० रुपये होईल. ओझरमार्गे जाण्यास त्यालाही २०० रुपये धरले तर ५,८०० रुपये होतील. त्याच्यासाठी मुंबईच फायद्याची. म्हणून शेजाऱ्याने जे केले तेच आपणही करावे, असे न समजता प्रत्येकाने आपला हिशेब स्वतंत्रपणे मांडावा.

तिकिटावरील विमानतळाचे पूर्ण नाव वाचण्याची सवय ठेवावी. मुंबई परिसरात छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाबरोबरच डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने सुरू झाली. दिल्लीचे तिकीट शोधताना गाझियाबादजवळील हिंडन विमानतळाचे विमानही दिसू शकते. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाची टर्मिनलेही एकमेकांपासून दूर आहेत. टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ ही दोन्ही मेट्रोने शहराशी जोडलेली आहेत, पण त्यांचे मेट्रोमार्ग वेगळे आहेत. चुकीच्या टर्मिनलवर गेलेला प्रवासी वेळ आणि रिक्षाचे पैसे दोन्ही गमावतो.

गटाचे तिकीट काढताना

सहा जणांचे भाडे एकदम विचारले, तर सहाही खुर्च्या ज्या गटात उपलब्ध असतील त्याच गटाचा भाव बहुधा सर्वांस लागू केला जातो. समजा, ५,००० रुपयांच्या चारच खुर्च्या शिल्लक आहेत आणि पुढचा गट ५,८०० रुपयांचा आहे. सहा जणांचे एकत्र तिकीट ३४,८०० रुपयांस पडेल. आधी चौघांचे व मग दोघांचे काढले तर २०,००० आणि ११,६०० मिळून ३१,६०० रुपये होतील. ३,२०० रुपये वाचले. यासाठी प्रथम एका माणसाचे भाडे पाहावे, मग पूर्ण संख्येचे पाहावे, आणि दोहोंत फरक आढळल्यास तिकिटे विभागून घ्यावीत. अशा वेळी दोन्ही तिकिटांचे आरक्षण क्रमांक एकाच कागदावर लिहून ठेवावेत, कारण कंपनीच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवासी गट असतात.

दहा किंवा त्याहून अधिक प्रवासी असतील तर अनेक कंपन्या गटासाठी निराळा भाव देतात. तो नेहमीच स्वस्त असतो असे नाही. मात्र नावे नंतर कळविण्याची मुभा त्यात मिळू शकते. विद्यार्थी, साठ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक आणि सैन्यदलातील व्यक्ती यांच्यासाठीही काही कंपन्यांच्या सवलती आहेत. विमानतळावर त्याचा पुरावा दाखवावा लागतो. सवलतीचा भाव साध्या भावाशी ताडून पाहिल्यावाचून तो घेऊ नये.

प्रत्येकाचे नाव आधार कार्डावर किंवा मतदार ओळखपत्रावर जसे आहे, अक्षरशः तसेच तिकिटावर घालावे. विमानाचे तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ऐन वेळी थोरल्या भावाऐवजी धाकट्याने जावे, ही सोय यात नाही. तेव्हा कोण जाणार हे घरात पक्के ठरल्यावरच पैसे भरावेत.

भाड्याबाहेरचे पैसे

तिकिटाच्या एकूण रकमेत मूळ भाडे, इंधनाचा आकार असल्यास तो, विमानतळ वापराचे शुल्क, सुरक्षा शुल्क आणि साध्या वर्गासाठी ५ टक्के वस्तू व सेवा कर यांचा समावेश असतो. पैसे भरण्याच्या अखेरच्या पायरीवर त्यात सोयीचे शुल्क म्हणून आणखी एक रक्कम मिळविली जाते. आवडीची खुर्ची, खाद्यपदार्थ आणि विमा यांच्यापुढे आधीच खूण केलेली असल्यास ती जरूर नसेल तर काढून टाकावी. खुर्ची न निवडताही प्रवास करता येतो. कंपनी शिल्लक खुर्च्यांपैकी एक विनामूल्य देते. निरनिराळ्या कंपन्यांची तुलना करताना ही अखेरची रक्कमच विचारात घ्यावी.

देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो नोंदणीचे सामान आणि हातात ७ किलोची एक पिशवी नेता येते. सर्वांत स्वस्त प्रकारच्या काही तिकिटांत नोंदणीचे सामान मुळीच धरलेले नसते. जाताना पिशवी हलकी असते, पण मेळ्यातून बी-बियाणे, पुस्तके व लहान अवजारे घेऊन परतताना ती जड होते. विमानतळावर जादा वजनाचे पैसे दर किलोमागे आकारले जातात आणि ते बियाण्याच्या किमतीसही मागे टाकू शकतात. परतीच्या प्रवासात वजन वाढणार असेल, तर जादा वजनाचे पैसे कंपनीच्या संकेतस्थळावर आधीच भरावेत, म्हणजे ते बहुधा कमी पडतात. नाहीतर सामान टपालाने किंवा आगगाडीच्या पार्सलाने धाडावे.

विळा, छाटणीची कात्री, कलमाचा चाकू अशी धारदार हत्यारे हातातील पिशवीत चालत नाहीत. ती नीट गुंडाळून नोंदणीच्या सामानात ठेवावीत. लोणचे व तेलकट पदार्थही हाती नेऊ देत नाहीत. कीटकनाशके, काडेपेटी व लायटर हे कोठेच ठेवू नयेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही सामानात नकोत, कारण त्यातील तेलामुळे पेट घेण्याचा धोका मानला जातो. मोबाईलची जादा बॅटरी मात्र नोंदणीच्या सामानात न टाकता हातातील पिशवीतच ठेवावी लागते.

बेत मोडल्यास

अवकाळी पाऊस, गारपीट किंवा घरचे आजारपण यांमुळे शेतकऱ्याचा बेत मोडण्याचा संभव नोकरदारापेक्षा अधिक असतो. म्हणून तिकीट रद्द केल्यास काय परत मिळेल, हे घेण्यापूर्वीच वाचावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार रद्द करण्याचा आकार मूळ भाडे व इंधनाचा आकार यांच्या बेरजेहून अधिक घेता येत नाही. ‘परतावा नाही’ असे लिहिलेल्या तिकिटावरही कर व विमानतळाचे शुल्क प्रवाशास परत द्यावे लागते. पुष्कळ लोक ते मागतच नाहीत आणि आपल्या हक्काची रक्कम सोडून देतात.

कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट घेतले आणि विमान सुटण्यास सात किंवा अधिक दिवस असले, तर आरंभीच्या ठरावीक अवधीत ते दंडाशिवाय रद्द करता किंवा बदलता येते. नावातील चूक पहिल्या चोवीस तासांत निदर्शनास आणली तर तिची दुरुस्तीही विनामूल्य होते. यास्तव तिकीट हाती येताच त्याच दिवशी नाव, तारीख, वेळ आणि विमानतळ या चार गोष्टी दोघांनी मिळून तपासाव्यात.

विमानास सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक पर्याय कंपनीने देणे बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या तक्रार व्यवस्थेकडे लिहिता येते.

फसवणुकीपासूनही सावध राहावे. परताव्यासाठी मदत क्रमांक शोधताना खोटे क्रमांक पुढे येतात. पलीकडचा मनुष्य ओटीपी विचारतो किंवा मोबाईलवर एखादे ॲप घ्यावयास सांगतो. कंपनीस परतावा देण्यासाठी ओटीपीची गरज नसते. क्रमांक तिकिटावरूनच घ्यावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

आगगाडी विसरू नये

विमान स्वस्त मिळाले तरच ते घ्यावे. २०१९ साली सुरू झालेली मुंबई-निजामुद्दीन राजधानी गाडी नाशिकरोड व जळगाव येथे थांबते आणि सायंकाळी निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीस पोचतो. रात्र गाडीत जात असल्याने एका मुक्कामाचा खर्चही वाचतो. नोव्हेंबर २०२४ पासून आगगाडीचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. त्या दिवशी आरक्षण आणि विमानाचे भाडे ही दोन्ही शेजारी-शेजारी मांडून पाहावीत. जाताना आगगाडी आणि येताना विमान, किंवा याच्या उलट, असा मेळही पुष्कळदा फायद्याचा ठरतो. बियाण्याचे ओझे असेल तर येताना आगगाडीच बरी.

गावातील कार्यकर्त्याचे काम

या सर्व गोष्टी एकट्या शेतकऱ्यास प्रथम अवघड वाटतील. गावपातळीवरील कार्यकर्त्याने इच्छुक शेतकऱ्यांस दोन महिने आधी एकत्र बसवावे. फळ्यावर चार रकाने आखावेत : तिकिटाची अखेरची रक्कम, विमानतळापर्यंतचा व तेथून पुढचा खर्च, सामानाचा आकार, आणि घराबाहेर जाणारे दिवस. प्रत्येक पर्यायाची बेरीज सर्वांसमक्ष करावी. घराबाहेरच्या प्रत्येक दिवसापोटी बदली मजुराची मजुरी व दुधाचे नुकसान रुपयांत धरावे, म्हणजे विमान आणि आगगाडी यांची तुलना खरी होईल. ज्याच्या घरी कामास दुसरा माणूस आहे, त्यास आगगाडी परवडेल. जो एकटा आहे, त्याच्यासाठी वाचलेले दोन दिवस तिकिटाच्या फरकाहून मोलाचे ठरतील.

प्रवासाच्या दिवशी छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र बरोबर घ्यावे. सुटण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधीपासून मोबाईलवर वेब चेक-इन करून बोर्डिंग पास घेता येतो. सामान देण्याची खिडकी सुटण्याच्या सुमारे एक तास आधी व विमानाचे दार सुमारे पंचवीस मिनिटे आधी बंद होते. त्यानंतर आलेल्या प्रवाशाची गय केली जात नाही. म्हणून दोन तास आधी विमानतळावर पोचावे.

पेरणीपूर्वी ज्याने खर्चाचा ताळेबंद मांडला, त्यास हंगामात धावाधाव करावी लागत नाही. प्रवासाचेही तसेच आहे. गावाहून निघण्यापूर्वी एक संध्याकाळ हिशेबास दिली, तर वाचलेल्या पैशांतून मेळ्यात चांगल्या वाणाचे बी घेता येईल आणि ते पेरण्यासाठी वेळेवर घरीही पोचता येईल.